सासऱ्याच्या नावातलं पाणी

आई इंग्लंडमध्ये लेस्टरला माझ्याकडे राहायला आली तेव्हा माझा प्रबंध जवळजवळ पुरा झाला होता, फक्त एका प्रकरणात घोडं पेंड खात होतं. पापुआ न्यू गिनीच्या डोंगरातली एक छोटी भाषा कोणत्या कुळातली, हे मला दाखवायचं होतं. व्याकरण म्हणत होतं, वरच्या खोऱ्यातल्या भाषांची ही सख्खी बहीण. पण पाणी, आग, दगड हे साधे शब्द खालच्या खोऱ्यातल्या परक्या भाषेचे निघत. इतके रोजचे शब्द सहसा कोणी उसने घेत नाही. सुपरवायझरने शांतपणे सांगितलं, उत्तर नसेल तर प्रकरण काढून टाक. म्हणजे माझं कित्येक वर्षांचं काम पाण्यात. मी चिडचिडी झाले होते आणि ते सगळं आईवर निघत होतं.

मला ते शब्द सांगणाऱ्या बाई त्या डोंगरातल्याच. त्यांचा भाऊ शाळेत शिकवायचा, तो आमचा दुभाषा. व्हिडिओ कॉलवर मी बाईंना सारखी विचारायचे, हे तुमचेच शब्द ना? त्या हो म्हणायच्या.

एकदा आईला विचारलं, डॉक्टरची अपॉइंटमेंट कधी आहे. म्हणाली, "रविवारच्या दुसऱ्या दिवशी." बाबांच्या नावात सोम आहे, म्हणून लग्न झाल्यापासून हा वार तिने तोंडाने उच्चारलेला नाही. सरळ सोमवार म्हणायला काय होतं, म्हणून मी खेकसले, आणि खेकसता खेकसताच थांबले.

सकाळ होताच कॉल लावला. भावाला विचारलं, बहिणीच्या सासरच्यांची नावं काय? तो हसला. आधी बहिणीला उठून लांब जाऊ दिलं, मग सांगितलं. सासऱ्याच्या नावात पाणी होतं, सासूच्या नावात आग, दिराच्या नावात दगड. सासरच्यांचं नाव घ्यायचं नाही, त्याच्यासारखा ऐकू येणारा शब्दही नाही. अशा वेळी खालच्या खोऱ्यातला शब्द वापरायचा. भावाने आपले मूळ शब्द सांगितले. ते वरच्या खोऱ्याशी अगदी जुळले. प्रकरण वाचलं. माझा जीव भांड्यात पडला, मी कॅमेऱ्यासमोरच रडले.

बाई परत आल्या, माझे डोळे पाहून घाबरल्या आणि भावाला हळूच काही म्हणाल्या.

"ती विचारते," तो म्हणाला, "मला माझी स्वतःची भाषा येते ना?"

"येते. त्यांचा एकही शब्द चुकला नाही."

त्याने ते बहिणीला सांगितलं. बाई मटकन खाली बसल्या आणि कितीतरी वेळ हसत राहिल्या.