घुबडाचं ताट निरखणाऱ्या आत्याबाई

माझं अक्षर किरटं, ऱ्हस्व-दीर्घ तर विचारूच नका. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. तरी हे लिहून ठेवते, कारण आमच्या आत्यासासूबाईंइतकं दुसऱ्याच्या जेवणावर डोळा ठेवणारं माणूस अख्ख्या बदलापुरात झालं नसेल, आणि जेवण तरी कुणाचं, तर घुबडाचं! मांजर्लीला आमच्या घरामागं जुना आंबा होता. त्याच्या ढोलीतली घुबडीण दिवस मावळला की थरथरत्या आवाजात हसल्यासारखी ओरडायची. अंगावर काटा यायचा. आत्याबाई मात्र सकाळी चहाआधी बुंध्याशी जायच्या, तिनं ओकून टाकलेले केसांचे गोळे सुपात आणायच्या आणि तांदळातले खडे वेचावेत तशी त्यातली हाडं वेचायच्या. "शेतातला उंदीर. हा पण शेतातलाच. अगं बाई, आज चिचुंद्री! हिच्या तोंडाला चवच नाय." हे सगळं आम्ही भाकरी खात असताना.

मळणीच्या दिवसांत माझी तान्ही मुलगी तापानं फणफणली. टाचेला बारीक दातांच्या खुणा होत्या, पण सगळ्यांचे कान आंब्याकडे. घुबड पोरीला बोलावतंय, असं शेजारणी म्हणू लागल्या. धाकटे दीर ढोलीत पेटता पेंढा कोंबायला निघाले. मला चारचौघांत बोलायची भीती. पोरीला छातीशी धरून नुसती उभी राहिले.

आत्याबाईंनी सूप दिरांच्या नाकाखाली धरलं. "बघ रं. यात एक तरी घुशीचा दात हाय? पोरीला चावतेय ती घूस. कुंपणातल्या बिळापासून पाळण्यापर्यंत तुझा पेंढा पसरलाय, त्याच्याखालून ती येते-जाते. उघड्यावर दिसली तर घुबडीण उचलंल ना?"

"आणि पोरीलाच उचललं तर?"

"तू याच अंगणात उघडा लोळायचास. तुला कुठं उचललं?"

पेंढा उचलला गेला, अंगण लख्ख झालं. तिन्हीसांजेला दिवा न लावता आम्ही ओटीवर श्वास रोखून बसलो. पंखांचा आवाज आलाच नाही. काळोखाचाच एक तुकडा खाली आला, एक बारीक किंकाळी, आणि मग आंब्यावरून ते हसू. आत्याबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "जेवली."

ताप उतरायला पुढं बरेच दिवस गेले, अंबरनाथच्या डॉक्टरांच्या सुयाही लागल्या. पण पोर वाचली.

काही वर्षांनी आत्याबाई गेल्या. तिरडी बांधता बांधता अंधारून आलं आणि आंब्यावर घुबडीण ओरडली. गर्दीतल्या कुणीतरी दगड उचलला. दिरांनी त्याचं मनगट धरलं.

"ओरडू दे," ते म्हणाले, "घरातलंच माणूस हाय."