काकीचा तास

मेलेल्या माणसाला रोज शाळेत तास घ्यायला लावणारा मास्तर अख्ख्या कर्जत तालुक्यात एकच असेल, आणि माझं नशीब असं की तो माझ्या शेजारच्या वर्गावर आहे. मधली भिंत छपरापर्यंत पोचलेली नाही, त्यामुळे तिकडचं सगळं मला इकडे फुकटात ऐकू येतं. आम्ही दोघंही कर्जतजवळच्या भिसेगावात राहतो आणि कशेळ्यावरून एकाच जीपने शाळेत येतो, म्हणजे तिथंही सुटका नाही.

या गुरुजींचा मोबाइल हा त्यांच्या वर्गाचा मॉनिटर आहे, असं ते गंभीरपणे सांगतात. पोरं त्याला घेऊन भातखाचरात जातात, किडीचे फोटो काढतात, झेंड्याच्या खांबाची सावली मोजतात. एकदा आवाजावरून पक्षी ओळखायचं ॲप त्यांनी व्हरांड्यात चालू ठेवलं, तर त्यानं आमच्या मुख्याध्यापकांच्या खोकल्याला घुबड ठरवलं. पोरं हसून लोळली. मुख्याध्यापक आठवडाभर खोकला दाबून हिंडत होते. पण दुसऱ्या एका दिवशी गुरुजींनी आभाळातून काढलेला गावाचा नकाशा दाखवला, आणि एका पोरीला तिच्या अंगणात आंब्याचं झाड दिसलं. ते झाड दोन पावसाळ्यांपूर्वीच तोडलेलं. ती मधल्या सुट्टीत धावत घरी जाऊन खात्री करून आली. "फोन विसरत नाही गं," गुरुजी तिला कौतुकानं म्हणाले.

शेवटचा तास गोष्टीचा. ती सांगायची गुरुजींची बायको, पोरांची काकी, भिसेगावातल्या स्वयंपाकघरातून, फोनवर. गुरुजी स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवत आणि सगळा वर्ग त्याच्याकडे तोंड करून बसे. काकी जुन्या वळणाची. हुंकार दिल्याशिवाय गोष्ट पुढे सरकायची नाही. प्रत्येक वाक्यानंतर ती थांबायची. "हूं म्हणा रं पोरांनो, नायतर मला वाटतं लाईन गेली." आमच्याकडे डोंगराच्या आडोशाला लाईन जाते तरी किती वेळा! त्यामुळे पोरं घसा फोडून हूं म्हणायची. माझा वर्गही गणितं सोडून इकडून हूं म्हणायचा, आणि खोटं कशाला बोलू, मीही म्हणायचे.

गेल्या वर्षी अशीच एक गोष्ट अर्ध्यात थांबली. पोरांनी दोनतीनदा हूं म्हटलं, पलीकडून काही येईना. लाईन गेली म्हणून गुरुजींनी फोन ठेवला आणि शाळा सोडली. कशेळ्याला नेहमीसारखा चहा घेऊन ते घरी पोचले, तर काकी ओट्यापाशी पडलेली. गेलेली.

पंधरवड्यानं गुरुजी शाळेत आले आणि शेवटच्या तासाला पुन्हा काकीचा आवाज आला. मी खडू ठेवून भिंतीला कान लावला. त्यांच्या फोनात प्रत्येक कॉल आपोआप साठवला जायचा. त्या जुन्या गोष्टी त्यांनी लावायला सुरुवात केली होती. काकी वाक्य बोलायची, थांबायची. फोनातली पोरं हूं म्हणायची, त्यांच्या मागोमाग समोर बसलेली पोरं म्हणायची, आणि काकी पुढे सांगू लागायची. एकदा एका पोरीनं मध्येच विचारलं, मग कोल्हा कुठं गेला? "सांगते गं, दम धर," फोन म्हणाला. त्या दिवसापासून शेवटच्या तासाला मी माझ्या वर्गाचं दार उघडं ठेवते.

शेवटची, अर्धी राहिलेली गोष्ट मात्र ते कधी लावत नसत. एकदा जीपमध्ये खिडकीबाहेर बघत त्यांनी मला विचारलं, "बाई, मी फोन ठेवला तेव्हा ती होती का हो?" मी ड्रायव्हरच्या मानेकडे बघत बसले. एवढा एकच प्रश्न त्या माणसाला आतून खात होता, आणि त्याचं उत्तर खिशातल्या फोनात असेल या भीतीनं तो ते ऐकत नव्हता.

शेवटी पोरंच मागे लागली. बाकीच्या सगळ्या गोष्टी ऐकून झाल्या होत्या. "लावा ना गुरुजी," ती आंब्याच्या झाडाची पोरगी म्हणाली, "आमी हाय ना हूं म्हणायला." परवा त्यांनी लावली. मी दारात जाऊन उभी राहिले.

कोल्ह्याच्या सुनेनं बाजारातून आरसा आणला, असं काकी सांगत होती. घरात कुणी नाही असं बघून तिनं तो पुसला, समोर धरला, आणि बघते तो काय... पुढे काहीच नाही. फोनातली पोरं हूं म्हणाली. आमचीही म्हणाली. पुन्हा शांतता. पुन्हा हूं. मग फोनातून गुरुजींचाच आवाज आला, गेल्या वर्षीचा, घाईतला: "गेली वाटतं लाईन. असू दे गं, बाकीची उद्या सांग." पोरांची दप्तरं आवरल्याचा गलका सुरू झाला, आणि त्या गलक्याखालून, फोन बंद व्हायच्या अगदी आधी, एक दमलेला, हलका आवाज आला.

"हूं."

गुरुजींनी फोन उचलला, सदऱ्याला पुसला, खिशात ठेवला आणि पोरांना घरी जायला सांगितलं.

कशेळ्याला जीप थांबली तरी ते चहाला उतरले नाहीत. कर्जत जवळ आल्यावर म्हणाले, "होती, बाई. मी फोन ठेवला तेव्हा होती ती." हे ते सुटल्यासारखं म्हणाले की अडकल्यासारखं, ते मला अजून कळलेलं नाही. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले,

"आणि उद्या सांगायचं कबूल केलं होतं तिनं."