पूर्ण हजेरी

चर्चच्या मंडळीतले लहानथोर त्यांना हजेरीबाई म्हणत, आणि त्यांना त्याचा राग नव्हता. उलट कोणी नुसतं 'बाई' म्हटलं तर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटे. त्यांची तीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं लावण्यात गेली होती. कुठल्या गल्लीचं पत्र कुठल्या खणात जायचं, ते हातच जाणत. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात सांगितलं, की बाईंच्या हातून एकही पत्र भलत्या खणात गेलं नाही. "एक गेलं होतं," घरी आल्यावर नवरा म्हणाला. "माझं. शेजारच्या गल्लीतलीला लिहिलं होतं, ते तुझ्या हाती लागलं." नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. जन्मभर बारीक चाकं चिमट्याने उचलून त्याची जीभही तशीच झाली होती, नेमकी हवी तिथे लागायची.

रविवारची शाळा ही बाईंची खरी जहागीर. चर्चच्या बाजूची लांबट खोली, बुटकी बाकं, खडूने कायमचा पांढुरका झालेला फळा, आणि टेबलावर पट. बावीस वर्षं दर रविवारी उपासनेआधी बाई तिथे हजेरी घेत, तीही पटात न बघता. बोट आपलं नावांवरून चालायचं आणि डोळे मुलांवर. पुढे बाप झालेल्या पोरांनाही रस्त्यात अडवून त्या सांगत, "तिसरीत तुझे दोन खाडे होते, गालगुंडाचे." पोरं हसत. बाईंना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. देव प्रत्येकाला नावानं ओळखतो, असं त्या मुलांना शिकवत, आणि इथलं ते काम देवाने आपल्यावर सोपवलंय अशी त्यांची मनोमन समजूत होती.

वर्षाच्या शेवटी पूर्ण हजेरीचं बक्षीस असे. कापडी बांधणीचं गीतांचं पुस्तक, आणि पहिल्या पानावर मुलाचं पूर्ण नाव, बाईंच्या वळणदार अक्षरात. एकही खाडा नको. ताप असो, घरी पाहुणे असोत, सबब चालायची नाही. एका साली पाळकसाहेबांच्या मुलाचं पुस्तक एका खाड्याने हुकलं, तेव्हा पाळकबाई महिनाभर हजेरीबाईंशी धड बोलल्या नव्हत्या. बाई तसूभरही हलल्या नाहीत.

अशा त्या खोलीत चार वर्षांपूर्वी छबी आली. सात वर्षांची असेल तेव्हा. आई गेलेली, बाप असून नसल्यासारखा, म्हणून मावशी सांभाळायची. तिचं इस्त्रीचं दुकान होतं. छबीला बोलता येत नव्हतं म्हणण्यापेक्षा तिचं बोलणं लोकांना येत नव्हतं. आनंद झाला की ती किंचाळे, भीती वाटली की कान दाबून बाकाखाली शिरे. पहिल्याच दिवशी तिने खडूंचा डबा पालथा केला. दाराशी उभ्या दोघी-तिघी कुजबुजल्या, "अशांना इथे कशाला आणतात?" हजेरीबाई फाडकन म्हणाल्या, "मग कुठे न्यायचं? इथेच आणायचं!" आणि त्यांनी आपल्या हाताने खिडकीजवळ खुर्ची मांडली, पायाशी चटई टाकली, रंगांची पेटी दिली. खोटं कशाला बोला, त्या दिवशी बाई खरोखर मोठ्या मनाने वागल्या.

मग त्या गोष्टीचं कौतुकच कौतुक झालं. पाळकसाहेबांनी उपदेशात तीनदा सांगितलं: विशेष मुलांचं स्वागत कसं करावं ते आपल्या हजेरीबाईंकडून शिका. दुसऱ्या मंडळीतले लोक येऊन ती खुर्ची बघून गेले. बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पटात नाव चढवायचं तेवढं राहिलं. पट वर्गवार असायचा, आणि या पोरीला घालायचं कुठल्या वर्गात? वयाने दुसरीत, पण वचनं पाठ नाहीत, परीक्षा नाही. बाई म्हणाल्या, बघू पुढे. त्या 'पुढे'त चार पट भरून संपले.

यंदा बक्षीस समारंभाला चर्च गच्च भरलं होतं. पूर्ण हजेरीची नावं पाच. पाच मुलं पुढे येऊन रांगेत उभी राहिली, आणि त्यांच्यामागून छबी आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. कडक इस्त्रीचा झगा, घट्ट वेणी. ती रांगेत सहावी उभी राहिली आणि इतरांसारखे दोन्ही हात तिने पुढे केले.

टेबलावर पुस्तकं पाचच होती. लोक गालातल्या गालात हसू लागले. वाईट हसणं नव्हतं ते, लाडाचं होतं. वेळ मारून न्यावी म्हणून बाईंनी पर्समधून एक पेन्सिल काढून छबीच्या हातावर ठेवली आणि तिचा गाल कुरवाळला. सगळ्या चर्चने टाळ्या वाजवल्या. छबीने ती पेन्सिल शेजारच्या मुलीला देऊन टाकली आणि हात पुन्हा पुढे केले. पाचही जण जागेवर जाऊन बसले तरी ती तशीच उभी. शेवटी मावशी उठून पुढे आली आणि तिला घेऊन गेली.

समारंभ सुटल्यावर मावशीने व्हरांड्यात बाईंना गाठलं. आवाज चढवला नाही. "बाई, हिला का नाही मिळालं? अख्ख्या वर्षात एक रविवार चुकवला नाही आम्ही."

इथे एक वाक्य पुरलं असतं. माझं चुकलं, नाव लिहायचं राहिलं, एवढंच. पण पाळकसाहेब दोन हातांवर उभे, मागे आणखी चार माणसं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"एक खाडा आहे ना तिचा," बाई म्हणाल्या.

"कधीचा?"

"तो... बिशपसाहेब आले होते बघा, त्या रविवारचा." काहीतरी सांगायचं म्हणून तोंडाला आला तो रविवार त्यांनी सांगितला.

मावशी म्हणाली, "त्या दिवशी आलो होतो, बाई. तुम्हीच दारातून परत पाठवलंत. आज गर्दी आहे, पोरगी बावरेल, घरीच बरी, असं म्हणालात."

बाईंना तोवर ते आठवतही नव्हतं. आता सगळं आठवलं. नवी पायपुसणी, फुलं, दाराशी आपण उभ्या, आणि समोरून मावशीचं बोट धरून उड्या मारत येणारी छबी. पोरगी बावरेल याची काळजी नव्हतीच. ती बिशपसाहेबांसमोर किंचाळेल याची होती. परत पाठवून वर मनात म्हटलं होतं, तिच्याच भल्यासाठी. धरणीने पोटात घ्यावं असं झालं बाईंना. "पटात बघते मी," एवढं पुटपुटून त्या निघाल्या ते घरी येईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

घरी येऊन त्यांनी चारही पट काढले. नाव नाही हे पक्कं ठाऊक असताना एकेका ओळीवरून बोट फिरवलं. नवऱ्याने विचारलं, "काय हरवलंय?" बाईंनी सगळं सांगितलं, खोटं बोलल्याचंही. आज तरी तो टोचून बोलेल असं त्यांना वाटलं. तो म्हणाला, "कपाटात एक पुस्तक उरलंय ना? नाव घाल आणि दे नेऊन."

बाईंनी पुस्तक काढलं, पहिलं पान तळव्याने सपाट केलं, पेनाचं टोपण उघडलं, आणि हात तिथेच राहिला.

"काय झालं?"

"नाव माहीत नाही मला तिचं."

"छबी ना?"

"ती हाक मारायची झाली. खरं नाव."

शेकडो पोरांची नावं बापाच्या नावासकट तोंडपाठ असलेली बाई! जिने चार वर्षं त्या पोरीचं नाक पुसलं, तिच्यापायी चर्चभर मिरवून घेतलं, तिला त्या पोरीचं नाव माहीत नव्हतं. विचारावंसंही कधी वाटलं नव्हतं. बाईंनी पाळकसाहेबांना फोन लावला. "छबीच ना?" ते म्हणाले. तीन उपदेश झाले होते, पण नाव त्यांनाही ठाऊक नव्हतं. बाईंनी त्यांनाही व्हरांड्यातलं खोटं सांगून टाकलं. पाळकसाहेब मायेने म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. तुम्ही तिच्यासाठी केलंत तेवढं कोणी केलं नाही." कोणी चार शब्द सुनावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. हे गोड बोलणं सोसवेना. फोन ठेवून त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि रडल्या, आणि रडून हलकं वाटायला लागलं तेव्हा त्याचीही त्यांना लाज वाटली.

पुढच्या रविवारी खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. बाईंनी हजेरी घेतली, बावीस वर्षांत पहिल्यांदा पटात बघून. मग मुलांना मोठ्या वर्गातल्या दोघींच्या हवाली केलं आणि पुस्तक पिशवीत घालून त्या निघाल्या.

मावशीचं घर म्हणजे दुकानामागची एक खोली. रविवार असूनही मावशी इस्त्री करत होती. कपड्यांचे गठ्ठे कमरेएवढे. छबी उंबऱ्यावर बसली होती. झगा घातलेला, वेणी घातलेली, पायात बूटही. बाईंना बघताच ती ताडकन उठली आणि एक हात वर करून आनंदाने काहीतरी ओरडली.

"काय म्हणतेय?" बाईंनी विचारलं.

"हजर म्हणतेय," मावशीने इस्त्रीवरची नजर काढली नाही. "तुमची नावं वाचून संपली की दर रविवारी म्हणते."

तो ओरडा बाईंच्या चांगला ओळखीचा होता. दर रविवारी तो ऐकून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं होतं.

"मावशी, खाडा नव्हता," त्या म्हणाल्या. "पटात तिचं नावच नव्हतं. मी खोटं बोलले."

मावशीने इस्त्री उभी करून ठेवली. "माहीत होतं. तुम्ही हजेरी घेता तेव्हा मी खिडकीबाहेर उभी असते. चार वर्षं ऐकतेय. वाटायचं, आज घ्याल. नाहीतर पुढच्या रविवारी घ्याल."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर ती खुर्चीपण गेली असती."

बाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं. "तिचं नाव सांगा. यात लिहिते, पटातही लिहिते."

मावशीने नाव सांगितलं, बापाचं नाव, आडनाव धरून, सावकाश, एकेक अक्षर नीट लागेल असं. मोठं, सुरेख नाव होतं. बाईंनी ते तिथेच, कपड्यांच्या गठ्ठ्यावर पुस्तक टेकवून लिहिलं. अक्षर नेहमीसारखं आलं नाही. छबीने पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, काखेत मारलं, आणि मोकळ्या हाताने बाईंचं बोट धरून ती त्यांना रस्त्याकडे ओढू लागली. चर्चची वेळ तिला बरोबर कळत होती.

"आज नाही पाठवत मी तिला," मावशी म्हणाली. "पटात नाव लिहा आणि त्यापुढे आजचा खाडा लिहा, बाई. हा खरा आहे."

"मावशी, मी घेऊन जाते ना तिला. माझ्याशेजारी बसवते."

"पुढच्या रविवारचं पुढच्या रविवारी. आज बोट सोडवा तिचं." मावशीने पुन्हा इस्त्री उचलली.

छबीची पकड घट्ट होती. हजेरीबाई उंबऱ्याशी खाली बसल्या आणि आपल्या हाताने तिची बोटं एकेक करून सोडवू लागल्या. एक सोडवलं की ती हसून पुन्हा धरत होती.