तळहातावर पारखलेला अडॅप्टर

लेथवर कातत असलेला लाकडी वाडगा निसटून माझ्या कपाळावर आदळला, तेव्हापासून मशीन सुरू करायची हिंमत होईना. शेवटी डोंबिवलीतल्या एका दुकानात व्हॅक्युम चकचा अडॅप्टर बघायला गेलो. हवेच्या ओढीने वाडगा घट्ट धरायची ती सोय.

शेजारी साठीच्या एक बाई होत्या, ओढणीवर लाकडाचा भुसा. त्यांनी पंप लावायला सांगून एकेका अडॅप्टरच्या तोंडावर तळहात ठेवला. पहिल्यावरून हात सहज निघाला. दुसऱ्यावरून ओढून काढावा लागला.

"हाच द्या," त्या दुकानदाराला म्हणाल्या. मग माझ्या कपाळावरची पट्टी पाहून हसल्या. "माझा तर दात गेलेला. लाकूड सोडायचं नाही हो, पकड बदलायची."

मीही तसाच घेतला. रविवारी त्याच वाडग्याचा तळ पुरा केला. सध्या त्यात लिंबं आहेत.