माऊसने वाजवलेली हलगी

धम्म स्वीकारल्यावर आमच्या घराने हलगी सोडली. लोकांच्या दारात ती पुन्हा वाजवायची नाही, हा वडिलांचा निर्धार मलाही मान्य होता. पण जयंतीच्या गाण्यात मला तोच ठेका हवा होता. म्हणून हुलसूरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसून मी एकेक ठोका माऊसने पडद्यावर मांडला. सॉफ्टवेअर सगळे ठोके सारख्या अंतरावर ओढायचं आणि ठेक्यातला जीव जायचा. मी ते हट्टाने पुन्हा मागेपुढे सरकवायचो.

गाणं ऐकताच वडिलांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मी घाईने आवाज कमी केला.

“हलगी कोण वाजवायलंय?”

“माणूस न्हाई, अप्पा. कॉम्प्युटर वाजवायलाय.”

“त्याला कुणाच्या दारात जावं लागतंय का?”

“न्हाई.”

“मग आवाज कामून कमी केलास? वाढव.”