मोठ्या बाईंच्या हिरड्या

आमच्या मोठ्या बाई खोटं बोलायच्या तेव्हा अगदी शुद्ध बोलायच्या. एरवी "काय गा, बरा आहेस ना?" असं विचारणाऱ्या बाई माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीत आडव्या झाल्या, की पाठ्यपुस्तक वाचल्यासारखं म्हणायच्या, "होय, मी रोज रात्री नियमितपणे फ्लॉस वापरते." मी हिरडीला बोथट सळई जेमतेम टेकवायचो आणि दाताच्या मुळाशी रक्ताची रेघ उमटायची.

मोठ्या बाई म्हणजे खापा या आमच्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. दर सोमवारी प्रार्थना झाली की त्या रांगेतून फिरत आणि प्रत्येकाला तोंड उघडायला लावत. चौथीत असताना एकदा त्यांनी मला भर रांगेतून घरी पाठवलं होतं. "दात घासून ये. अन् नुसत्या चुळा भरून येशील तर मले समजते." पुढे मी दातांचा डॉक्टर झालो, नागपुरात सदरला दवाखाना टाकला, तेव्हा निम्म्या खाप्याने त्याचं श्रेय बाईंना दिलं. बाईंनीही ते नाकारलं नाही.

त्या पहिल्यांदा माझ्याकडे आल्या तेव्हा निवृत्त होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. एसटीने एकट्याच आल्या. म्हणाल्या, "पेरू खाल्ला का त्याले लाल लागते. दोन महिने झाले." हिरड्या सुजल्या होत्या, दातांच्या फटींत कीटण साचलं होतं, पण वेळ गेलेली नव्हती. ब्रश करता का, विचारलं.

"करते ना. पण रक्त येते तिथं नाही लावत. जखमेले काहून घासावं?"

मी त्यांना समजावलं, की जखम आहे म्हणून घाण साचत नाही, घाण साचते म्हणून जखम होते. ब्रश फटींत पोचत नाही, तिथे फ्लॉसचा दोरा लागतो. आठवडाभर रक्त येईल, मग थांबेल. दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना दोरा गुंडाळून, दाताला बिलगवून, हिरडीच्या कडेखाली कसा हळूच न्यायचा ते आरशात दाखवलं. स्केलिंग करून साचलेलं कीटण काढलं. रक्तातली साखर तपासून घ्या, असंही सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "आमच्या घरात कोणालेच साखर नाही."

सहा महिन्यांनी त्या आल्या, तेव्हा हिरड्या पुन्हा तशाच होत्या. त्याच्या पुढच्या खेपेला खालचे पुढचे दात हलायला लागले होते. प्रत्येक वेळी मी तेच सांगायचो, प्रत्येक वेळी त्या मान डोलवायच्या, आणि प्रत्येक वेळी ते शुद्ध वाक्य. दिवसाकाठी पंधरा पेशंटांना एकच गोष्ट सांगून माणूस आधीच कावलेला असतो. त्यात ही बाई अडाणी नव्हती, गावाला दात घासायला लावणारी होती! एकदा मी फ्लॉसची डबी घेऊन यायला सांगितली. त्यांनी पर्समधून काढून दिली. तिचं सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

माझा ताबा सुटला. "बाई, खोटं काय बोलता? शाळेत आम्हाला याच्यासाठी छड्या बसायच्या!" बाहेर बसलेल्या माणसांनीही ते ऐकलं. बाई खुर्चीवरून उतरल्या, चपला घातल्या आणि निघून गेल्या. पुढे दीड वर्षं त्या आल्या नाहीत. मी फोन केला नाही. चूक त्यांची होती, फोन मी का करावा?

मग खाप्याला एका लग्नात त्या दिसल्या. पंगतीत कडेला बसून वरणभात बोटांनी चुरून खात होत्या. मला बघताच त्यांनी तोंडावर पदर घेतला. खालचे समोरचे तीन दात पडले होते. मी शेजारी बसलो आणि पहिल्यांदाच विचारलं, "बाई, काहून नाही केलं?"

त्यांनी पानातला भात कडेला सारला. "तू पहिल्यांदा सांगितलं ना, तवा आणला होता दोरा. चार दिवस केलं. बेसिन लाल झालं रे. माह्या आईच्या तोंडातून असंच रक्त यायचं. अन् मग ते थांबलंच नाही. तीन महिन्यांत गेली. मी तो दोरा चुलीत टाकला. तुले दाखवली ते डबी मागून आणली, नुसती दाखवाले." मग पदराआडून म्हणाल्या, "साऱ्या गावाच्या पोरांले सांगत होती, भ्यायचं नाही. तुले कसं सांगू, मीच भेली म्हणून?"

खोदून विचारलं तेव्हा कळलं, त्यांच्या आईच्या तोंडात गाठ होती, त्याचा हिरड्यांशी संबंध नव्हता. समजावायला मला दोन मिनिटं पुरली असती. मी तीन वर्षं दोरा कसा धरायचा तेच शिकवत बसलो.

पुढच्या आठवड्यात त्या आल्या. साखर तपासली, ती भलतीच वाढलेली निघाली. औषधं सुरू झाली. चार बैठकांत हिरड्या आतून साफ केल्या, दोन दाढा काढाव्या लागल्या, समोर तीन दातांची कवळी बसवली. पहिल्या दिवशी फ्लॉस त्यांनी माझ्यासमोर केला. बेसिनमध्ये लाल थेंब पडला तशी त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. मी नळ सोडला. नवव्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला, "आज नाही आलं गा. एक थेंब नाही."

त्यानंतर त्या दर तीन महिन्यांनी न चुकता यायच्या. शेवटच्या खेपेला मी सळई सगळ्या दातांभोवती फिरवली, कुठेही रक्त नव्हतं. त्या वयाला इतक्या चांगल्या हिरड्या मी फार थोड्यांच्या पाहिल्या आहेत. बाई उठून बसल्या, पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"मंग? बोल ना काही."

मी हातमोजे काढत सवयीने म्हणालो, "उजव्या मागच्या दाढेपाशी जरा कमी पडतंय, बाई. तिथे लक्ष द्या."

"बरं," त्या म्हणाल्या. पर्स उचलली आणि एसटी चुकेल म्हणून लगबगीने निघाल्या. महिन्याभरात झोपेतच गेल्या. मी खाप्याला भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या मुलाने मला घराच्या जिन्याशी गाठून सांगितलं, की आई त्या दिवशी घरी आल्यापासून रोज उजव्या बाजूला दोनदा दोरा फिरवायची.