कागदावर केक लिहायचं राहिलं

बिस्किट शिळं झालं की मऊ पडतं आणि केक शिळा झाला की कडक होतो. दोघांमधला एवढाच शास्त्रीय फरक मला माहीत आहे, आणि एका वाढदिवसाची वाट लावायला तेवढा पुरतो.

मी महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंमधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. (निकाल लागला तेव्हा आईने गल्लीत पेढे नाही, बिस्किटं वाटली होती. मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी पाहुणा येवो, ताप येवो, निकाल येवो, सगळ्यावर बिस्किटंच!) माझी आवडती बिस्किटं मात्र पुड्यातली नव्हेत. दिवाळीआधी घरचं पीठ, तूप, साखर डब्यात भरून बेकरीत द्यायचं आणि लांबट, रेघारेघांची बिस्किटं भाजून आणायची, ती! माझ्या वाढदिवसाला आई अशी पाच बिस्किटं एकावर एक रचायची आणि म्हणायची, "हा तुझा केक." मी वरचं बिस्किट उचलायचो, सगळे टाळ्या वाजवायचे. तिने जे होतं त्यात माझं कौतुक केलं, हे मी विसरलेलो नाही. पण तेव्हाच ठरवलं होतं: माझ्या लेकराला खरा केक मिळेल, आणि तोही माझ्या हातचा.

यंदा दिवाळीच्या आठ दिवस आधी माझी मुलगी ओवी पाच वर्षांची होणार होती.

"दुकानात ऑर्डर देऊन टाकू या," माझी बायको मनीषा म्हणाली.

"ऑर्डर काय, कोणालाही देता येते."

"म्हणूनच म्हणते. मग तुम्हालाही जमेल."

पण ओवीने सोसायटीतल्या चौदा मुलांना सांगून ठेवलं होतं, "माझा केक पप्पा करणार!" आता माघार नव्हती.

घरी ओव्हन नाही. पण रहाटणीत आमच्या घराजवळ नानांची बेकरी आहे, आणि बेकरीत भट्टी आहे. बिस्किटं भाजणारी भट्टी केकला नाही म्हणेल का? वाढदिवसाच्या सकाळी मी किलोभर मैदा, दही, साखर, तूप आणि टूटीफ्रूटी वजन करकरून घोटली, डब्यात ओतली आणि डब्यावर कागद चिकटवला. अगदी कंपनीच्या पद्धतीने! जिन्नस, वजनं, भट्टीचं तापमान, वेळ, तारीख, खाली माझी सही.

बेकरीसमोर दिवाळीच्या बिस्किटांच्या डब्यांची ही मोठी रांग. मी आपला डबा रांगेत ठेवला.

"नाना, सगळं कागदावर लिहिलंय बरं का."

"व्हय व्हय, साहेब. चारला या. आज लय डबं हायेत."

चार वाजता गेलो तर नाना हसत उभे.

"काय राव साहेब, पीठ किती पातळ केलं होतं तुमी! नव्या माणसाचं व्हतंच तसं. आमी पदरचा मैदा घातला, घट्ट मळलं. आता बघा कशी झाल्यात!"

डब्यात बिस्किटं होती. लांबट, रेघारेघांची, आणि प्रत्येकातून एक लाल नाहीतर हिरवी टूटीफ्रूटी माझ्याकडे बघत होती!

"नाना, हा केक होता!"

"कागदावर कुटं हाय?"

मी कागद वाचला. पुन्हा वाचला. सगळं होतं. फक्त 'केक' हा शब्द नव्हता. (कंपनीत दुसऱ्या कोणी असा कागद लिहिला असता, तर मी त्याला सगळ्यांसमोर उभा केला असता.)

घरी आलो तेव्हा सव्वाचार. मुलं सहाला येणार. मनीषाने फोन हातात घेतला.

"करू का दुकानात?"

"नाही!"

बिस्किटं चुरून कुकरमध्ये केक होतो, हे कोणाला माहीत नाही? मी अर्धा डबा रिकामा केला आणि बत्ता उचलला. नातीच्या वाढदिवसाला गावाहून आलेली आई दारात येऊन उभी राहिली.

"काय करायलास रे?"

"केक."

"मग बिस्किटं कामून फोडायलास?"

"त्यांचाच केक होतो."

"अन् ही बिस्किटं कशाची झाली?"

"केकची."

आईने मनीषाकडे बघितलं. "ह्याला कंपनीत कुणी काही म्हणत न्हाई का?"

मी चुऱ्यात दूध घातलं, खायचा सोडा घातला. मिश्रण कसं फसफसून वर आलं! पण आता चूक नको, म्हणून आधी नवा कागद लिहायला बसलो. वर ठळक अक्षरात 'केक' लिहिलं, खाली दोनदा रेघ ओढली. कागद सुरेख झाला. तोवर फेस खाली बसला होता. तरी मी हटलो नाही! भांडं कुकरमध्ये ठेवलं आणि कच्चा राहायला नको म्हणून ठरल्या वेळेपेक्षा आणखी वीस मिनिटं ठेवलं.

सहा वाजता चौदा मुलं टेबलाभोवती. ओवीने सुरी टेकवली. दाबली. मग मी दाबली. सुरी वाकली!

"पप्पा," ओवीने हळूच विचारलं, "हा कापायचा की फोडायचा?"

आईने मला खांद्याने बाजूला सारलं, डब्यातली उरलेली बिस्किटं घेतली आणि भराभर रचली. चांगला हातभर उंच मनोरा! टोकावर मेणबत्ती.

"हा तुझा केक, बाई. उचल वरचं."

ओवीने उचललं. टाळ्या! मुलांनी दुधात बुडवून बुडवून अख्खा मनोरा संपवला. एक जण तर आईला म्हणाला, "आजी, आमच्याकडे पण याल का केक करायला?"

आणि माझा केक? कंपनीत तपासणीसाठी नमुना राखून ठेवतो, तसा मी तो आठ दिवस ओट्यावर उघडा ठेवला. मऊ पडला तर बिस्किट, आणखी कडक झाला तर केक. तो जसा होता तसाच राहिला! शेवटी मनीषानेच निकाल लावला. आमच्या वॉशिंग मशीनचा एक पाय वर्षभर डुगडुगत होता. आता डुगडुगत नाही. माझ्या हातची एवढी एकच वस्तू आजवर तपासणीत पास झाली आहे.